आयडल सोडताना अडखळणारी बीटल: ३४ पिक्ट-३ चं दुखणं पुन्हा पुन्हा का येतं

तक्रार बहुतेक वेळा एकाच धर्तीची असते. सकाळी गाडी एका चावीत सुरू होते. पाच-सात मिनिटांत चोक उघडतो आणि मग आयडल, म्हणजे पाय न ठेवता इंजिन ज्या वेगाने फिरतं तो वेग, वर-खाली होऊ लागतं. सिग्नल सुटल्यावर ॲक्सिलरेटरवर हलका पाय ठेवला की इंजिन क्षणभर काहीच करत नाही, मग झटका मारून निघतं. पाय जोरात दाबला तर मात्र गाडी व्यवस्थित उचलते. मेकॅनिक रेस थोडी वाढवून देतो, दोन-तीन आठवडे बरे जातात, आणि दुखणं परत येतं. मालक म्हणतो, नवीन कार्बोरेटरच खराब निघालं. मग त्याच नमुन्याचं दुसरं मागवलं जातं आणि त्यावरही तेच होतं.

इथे लिहितोय ते फोक्सवॅगन बीटलच्या १५८४ सीसी ड्युअल पोर्ट (प्रत्येक सिलिंडरला इनटेकचं वेगळं तोंड असलेल्या) इंजिनाबद्दल, म्हणजे १९७१ पासूनच्या गाड्यांमधल्या आणि नंतर कितीतरी जुन्या बीटलमध्ये बसवल्या गेलेल्या इंजिनाबद्दल. त्यावर मूळचं सोलेक्स ३४ पिक्ट-३ हे कार्बोरेटर यायचं. आज बाजारात मिळतात त्या त्याच रचनेच्या नव्या प्रती. पुण्या-मुंबईत ज्या बीटल अजून रस्त्यावर आहेत, त्यांतल्या अनेकींवर आता अशीच प्रत बसलेली असते, कारण मूळ सोलेक्सची थ्रॉटल शाफ्ट झिजलेली असते आणि ती दुरुस्त करून देणारा माणूस सहज सापडत नाही.

माझं मत आधीच सांगतो. या प्रती निर्दोष नसतात, पण वर सांगितलेलं अडखळणं बहुतेक वेळा कार्बोरेटरच्या बनावटीमुळे नसतं. थ्रॉटलचा स्क्रू चुकीच्या कामासाठी फिरवलेला असतो, आणि तो फिरवावा लागतो कारण इंजिन दुसरीकडून कुठूनतरी हवा घेत असतं किंवा टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, बिघडलेलं असतं. मूळ कारण तसंच राहतं, म्हणून दुखणं परत येतं.

या कार्बोरेटरवर आयडल कुठून येतं

आपल्याकडचे जुने मेकॅनिक शिकले ते पद्मिनी, ॲम्बेसेडर आणि नंतर मारुती ८०० वर. त्या गाड्यांवर रेस वाढवायची म्हणजे थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू आत घ्यायचा. बटरफ्लाय, म्हणजे हवा अडवणारी फिरती झडप, थोडी उघडते, हवा वाढते, रेस वाढते. तिथे हे बरोबरच आहे.

३४ पिक्ट-३ वर आयडलची हवा बटरफ्लायच्या कडेने येत नाही. तिच्यासाठी कार्बोरेटरच्या अंगातून वेगळा मार्ग काढलेला आहे, बायपास. एकाच बाजूला दोन स्क्रू दिसतात. मोठा असतो तो बायपासचा, त्याने आयडलची रेस ठरते. त्याच्या खालचा छोटा स्क्रू मिश्रणाचा. थ्रॉटलच्या दांड्यावर तिसरा स्क्रू असतो, जो चोकच्या पायऱ्यांच्या कॅमवर टेकतो. तो थंड इंजिनाची रेस सांभाळतो आणि गरम इंजिनावर बटरफ्लाय जवळजवळ बंद ठेवतो. फटीचं माप फक्त ०.१ मिलिमीटर. गरम इंजिनाची रेस ठरवणं हे त्याचं काम नाही.

ही फट इतकी महत्त्वाची का? बटरफ्लायच्या कडेजवळच, भिंतीत, दोन-तीन बारीक भोकं असतात. बटरफ्लाय जरा उघडली की ती एकेक करून मोकळी होतात आणि मुख्य जेट (पेट्रोलचं माप ठरवणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा) कामाला लागेपर्यंतचं पेट्रोल तिथून येतं. व्हॅक्यूम ॲडव्हान्सचं, म्हणजे इंजिनाच्या ओढीने ठिणगी लवकर पाडणाऱ्या सोयीचं, तोंडही तिथेच, कडेच्या किंचित वर. बटरफ्लाय आधीच जास्त उघडी असेल तर ही भोकं आयडललाच वापरली जातात. पाय ठेवल्यावर हवा वाढते, पण द्यायला वेगळं पेट्रोल उरत नाही. तो रिकामा क्षण म्हणजेच तुमचं अडखळणं.

बोट लावून बघा

यासाठी कोणतंही उपकरण लागत नाही. इंजिन गरम, आयडलला चालू, चोक पूर्ण उघडा. डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम डब्यापासून कार्बोरेटरकडे जाणारी नळी डब्याच्या बाजूने काढा आणि नळीच्या तोंडावर बोटाचं टोक ठेवा. आयडलला तिथे ओढ जवळपास नसावी. थ्रॉटल किंचित उघडलं की बोट खेचलं जाईल आणि सोडलं की ओढ लगेच जाईल. आयडललाच बोट चिकटत असेल तर बटरफ्लाय हवी त्यापेक्षा उघडी आहे. पुढचं काहीही करण्याआधी ते दुरुस्त करायचं.

काही प्रतींवर व्हॅक्यूमची दोन तोंडं असतात. दुसरं बटरफ्लायच्या खालच्या बाजूला उघडतं आणि जुन्या दुहेरी डब्याच्या डिस्ट्रिब्युटरसाठी असतं. तिथे आयडलला जोरदार ओढ असणारच. तुमच्या डिस्ट्रिब्युटरला एकच नळी असेल तर ते तोंड रबरी टोपीने घट्ट बंद हवं. अशी टोपी चिरली आणि महिनोन्महिने कोणाच्या लक्षातच आलं नाही, असं बरेचदा घडतं.

दुसरी परीक्षा मोठ्या स्क्रूची. बायपासचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत घ्या. तब्येतीत असलेलं इंजिन बंद पडेल किंवा पडायच्या बेतात येईल. ते निवांत फिरत राहिलं तर त्याला दुसरीकडून हवा मिळतेय.

कार्बोरेटरच्या आधी

हे वाचताना कंटाळा येईल, पण क्रम हाच ठेवा. थंड इंजिनावर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, आठही ०.१५ मिलिमीटर. पॉइंटची फट ०.४, किंवा मीटर असेल तर ड्वेल (पॉइंट बंद राहण्याचा कोन) ४४ ते ५० अंश. प्लग ०.६ ते ०.७. फायरिंग ऑर्डर १-४-३-२. टॅपेट घट्ट झाला असेल तर त्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि आयडल कुठल्याच स्क्रूने स्थिर होत नाही. तिसरा सिलिंडर या इंजिनात आधीच जास्त तापतो, त्यामुळे तिथला टॅपेट घट्ट राहू देऊ नका.

टायमिंगवर जरा थांबू, कारण अर्धी अडखळणारी इंजिनं इथेच बरी होतात. अनेक बीटलवर मूळचा व्हॅक्यूमचा डिस्ट्रिब्युटर काढून बॉशचा ००९ बसवलेला असतो. त्याला व्हॅक्यूम डबा नसतो. आतली वजनं फेऱ्यांबरोबर बाहेर सरकतात तेवढाच ॲडव्हान्स मिळतो. ३४ पिक्ट-३ मात्र व्हॅक्यूम ॲडव्हान्स गृहीत धरून बनवलेलं आहे. हलका पाय ठेवला तेव्हा फेरे वाढलेले नसतात, म्हणजे ००९ काहीच करत नाही, आणि नेमक्या त्याच क्षणी मिश्रण पातळ, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, झालेलं असतं. ठिणगी उशिरा, मिश्रण पातळ, मग इंजिन दचकतं. आयडल जेट मोठा करून हे झाकता येतं आणि लोक तसं करतातही. मग आयडलला गाडीला पेट्रोलचा वास येतो आणि ॲव्हरेज जातं.

माझा आग्रह असा की सिंगल व्हॅक्यूमचा डिस्ट्रिब्युटर बसवा. त्याच्यासाठी आयडलला टायमिंग पिस्टनच्या वरच्या बिंदूच्या साडेसात अंश आधी, नळी काढून आणि तिचं तोंड बंद करून. ००९ च ठेवायचा असेल तर आयडलच्या खुणेकडे बघू नका. मिनिटाला ३००० ते ३५०० फेऱ्यांना एकूण ॲडव्हान्स २८ ते ३२ अंशांत बसवा, आयडलला जे येईल ते येऊ द्या. थोडं अडखळणं शिल्लक राहील, ते कार्बोरेटरच्या नावावर टाकू नका.

इंजिन हवा घेतंय का

ड्युअल पोर्टचा मॅनिफोल्ड, म्हणजे कार्बोरेटरपासून सिलिंडरकडे मिश्रण नेणारा नळ, तीन तुकड्यांचा असतो. मधला लांब नळ आणि दोन्ही टोकांना ॲल्युमिनियमची बैठक, त्यांना जोडणारे रबरी बूट. बूट वरून चांगला दिसतो आणि खालून चिरलेला असतो, क्लॅम्पच्या कडेला. तो काढून, दोन्ही हातांनी वाकवून, उजेडात बघितल्याशिवाय कळत नाही.

कार्बोरेटरच्या खालचं पॅकिंग ही दुसरी जागा. नव्या प्रतीबरोबर आलेलं पॅकिंग कधी भोकांशी नीट जुळत नाही. ते आधी कोरडं लावून बघा. तळाचे दोन नट कोणीतरी जोर लावून आवळले असतील तर फ्लँजचे कान वाकलेले असतात. स्टीलची पट्टी तळावर उभी धरून मागून उजेड टाका. मध्ये प्रकाशाची रेघ दिसली तर बारीक पॉलिश पेपर काचेवर ठेवून तळ घासून सपाट करावा लागेल. नट पुढे कधीही मनगटाच्या जोरापलीकडे आवळू नका.

तिसरी जागा थ्रॉटल शाफ्ट. दांडा धरून वर-खाली हलवा. हालचाल जाणवली तर तिथून हवा जाते आणि ती प्रत्येक वेळी वेगवेगळी जाते, कारण शाफ्ट दर वेळी वेगळ्या जागी बसते. आयडल कधी ८५०, कधी ११००, स्क्रूला हात न लावता, अशी तक्रार असेल तर मी पहिल्यांदा इथेच बघतो. नव्या प्रतींतही शाफ्ट सैल निघते. तशी निघाली तर बसवण्याआधीच परत करा.

शोधण्यासाठी इंजिन आयडलला ठेवून प्रत्येक सांध्यावर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा. फेरे बदलले की जागा सापडली. कॉइल आणि डिस्ट्रिब्युटर मात्र फवाऱ्यापासून लांब ठेवा. कार्ब क्लीनरचा फवारा मारला तर लवकर कळतं हे खरं. पण खाली तापलेला सायलेन्सर असतो आणि बीटलचा क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा आहे. एकदा पेटला की आटोक्यात येत नाही. मी पाणीच वापरतो आणि अग्निशामक हाताशी ठेवतो.

खोक्यातून काढलेलं कार्बोरेटर तसंच बसवू नका

वरचं झाकण उघडा. आत घडाईचे कण सापडतात, कधी बारीक पितळी चकती. आयडल जेटवरचा ५५ हा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, ०.५५ मिलिमीटर. एक कण पुरतो. सगळे जेट काढून हवेच्या दाबाने साफ करा. भोकात तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि आकडा खोटा ठरतो. परत बसवताना मुख्य जेट आणि आयडल जेट आपापल्या बैठकीवर टेकेपर्यंत आवळले गेलेत ना ते बघा. सैल जेट म्हणजे मोठा जेट.

मिश्रणाचा छोटा स्क्रू पूर्ण बाहेर काढा आणि त्याचं टोक नखावरून फिरवा. टोकाच्या सुळक्यावर गोल कडं लागलं तर कोणीतरी तो आत दाबून बसवलाय. असा स्क्रू कधीच बारीक सेटिंग देणार नाही, बदला. त्याच्यावरची रबरी रिंग चिरलेली असेल तर तिथूनही हवा जाते.

आयडल कट-ऑफ व्हॉल्व्हची, म्हणजे इग्निशन बंद होताच आयडलचं पेट्रोल तोडणाऱ्या विजेच्या झडपेची, परीक्षा सोपी आहे. इग्निशन चालू करा, इंजिन बंद. व्हॉल्व्हची वायर काढून परत लावा. टक् असा आवाज यायला हवा. नाही आला तर व्होल्टेज बघा, मग व्हॉल्व्ह. वायरचा लग सैल असेल तर गाडी खड्ड्यात आदळली की आयडल जातं आणि पुढच्या खड्ड्यात परत येतं.

ॲक्सिलरेटर पंप बघायला एअर क्लीनर काढा, इंजिन बंद ठेवा, टॉर्च आत धरा आणि दांडा हाताने सावकाश उघडा. हालचाल सुरू होताक्षणी पेट्रोलची एकसंध धार निघायला हवी आणि ती बटरफ्लाय व भिंत यांच्यामधल्या फटीतून सरळ खाली जायला हवी. नव्या प्रतींमध्ये ही नळी वाकडी बसवलेली आढळते. धार व्हेंचुरीवर, म्हणजे कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यावर, आदळते, थेंब होतात, पेट्रोल उशिरा पोचतं. नळी अगदी हलकेच वळवून धार जागेवर आणता येते. धार उशिरा सुरू होत असेल तर डायफ्रॅम किंवा आतली गोळी बघा. पंपाची धार वाढवून अडखळणं झाकायचा मोह होतो, तो टाळा. हलक्या पायाचं अडखळणं पंपाने पूर्ण जातच नाही.

सगळ्यात वर, झाकणातली पेट्रोलची पितळी नळी. ती नुसती ठोकून बसवलेली असते. हाताने पकडून पिळून बघा. हलली तर गाडी चालवू नका. ही नळी चालत्या गाडीत निसटली की पेट्रोल थेट इंजिनावर पडतं. आटे पाडून बसवलेली नळी सगळ्यात चांगली, नाहीतर निदान बारीक तारेने बांधून घ्या.

आता सेटिंग

गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून आणा. चोक पूर्ण उघडलाय आणि थ्रॉटलचा स्क्रू कॅमच्या वरच्या पायऱ्यांवर नाही याची खात्री करा. चोक उघडत नसेल तर त्याच्या वायरला १२ व्होल्ट मिळतात का ते बघा आणि तीन स्क्रूंची रिंग सैल करून खूण मधल्या रेघेवर आणा. हे शेवटचं काम थंड इंजिनावर.

इंजिन बंद करा. थ्रॉटलचा स्क्रू कॅमपासून सुटेपर्यंत बाहेर घ्या. मग जेमतेम टेकेपर्यंत आत. टेकल्यावर आणखी पाव फेरा. एवढंच. इथून पुढे या स्क्रूला हात नाही. मी त्यावर रंगाचा ठिपका देतो, म्हणजे पुढच्या मेकॅनिकने फिरवला तर दिसतं.

मिश्रणाचा स्क्रू हलकेच टेकेपर्यंत आत, तिथून अडीच फेरे बाहेर. इंजिन चालू करून मोठ्या बायपास स्क्रूने ८५० फेऱ्यांवर आणा. आता मिश्रणाचा स्क्रू सावकाश बाहेर फिरवा, फेरे जास्तीत जास्त होतील तिथपर्यंत. प्रत्येक हालचालीनंतर इंजिनाला काही सेकंद द्या, ते लगेच उत्तर देत नाही. मग तोच स्क्रू अगदी हळू आत, फेरे २० ते ३० ने उतरेपर्यंत. बायपासने परत ८५०. शेवटी बोटाची परीक्षा पुन्हा करा.

मिश्रणाचा स्क्रू अर्धा-पाऊण फेरा फिरवूनही इंजिनाला काही फरक पडत नसेल तर सेटिंग थांबवा. आयडल जेट बुजलाय, कट-ऑफ उघडत नाही किंवा हवा बाहेरून येतेय. फिरवत राहिल्याने यातलं काहीही सुटणार नाही.

ई२० आणि जेटचे आकडे

हे जुन्या पुस्तकांत सापडणार नाही आणि आपल्याकडे २०२५ पर्यंत बहुतेक पंपांवर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आल्यामुळे ते टाळताही येत नाही. १२७.५ चा मुख्य जेट आणि ५५ चा आयडल जेट हे आकडे इथेनॉल नसलेल्या पेट्रोलसाठी ठरले. त्या पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळायला हवेचे साधारण १४.७ भाग लागतात. ई२० ला सुमारे १३.५. इथेनॉल स्वतःबरोबर ऑक्सिजन घेऊन येतं, त्यामुळे त्याच जेटमधून आलेलं मिश्रण आठ-नऊ टक्क्यांनी पातळ पडतं. मूळ सेटिंग आधीच पातळसर होतं, कारण १९७० नंतर धुराचे नियम कडक होत गेले. त्यात ही भर.

जेटचा आकडा व्यासाचा आहे, पेट्रोल मात्र भोकाच्या क्षेत्रफळाच्या हिशेबाने जातं. १२७.५ वरून १३० केला तर भोक सुमारे ४ टक्के वाढतं, १३२.५ केला तर ८, १३५ ला १२. आयडलला ५५ वरून ५७.५ म्हणजे ९ टक्के, ६० म्हणजे तब्बल १९. म्हणून कोकणात, मुंबईत ई२० वर चालणाऱ्या धडधाकट इंजिनाला मी १३२.५ आणि ५७.५ सुचवतो. थेट ६० वर उडी मारणारे पुष्कळ आहेत. त्याने अडखळणं जातं, पण सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुतलं जातं आणि ते महाग पडतं.

एका वेळी एकच जेट बदला. पडताळणीसाठी एअर क्लीनर काढून, न्यूट्रलला २५०० फेरे स्थिर ठेवून, चोकची झडप बोटाने किंचित बंद करा. फेरे वाढले तर मिश्रण पातळ आहे, लगेच पडले तर पुरेसं आहे. प्लगच्या रंगावर आता फार विसंबू नका. इथेनॉल स्वच्छ जळतं, काजळी कमी धरते आणि ठीक चालणाऱ्या इंजिनाचा प्लगही फिकट दिसतो. पातळ मिश्रणाची खरी खूण वेगळी असते: पाय काढल्यावर सायलेन्सरमध्ये फटके, आणि उचलताना कार्बोरेटरमधून उलटी शिंक.

बाजारात सुटे मिळणारे जेट शिक्क्यावर विश्वासून घेऊ नका. एकाच आकड्याचे दोन जेट उजेडासमोर शेजारी धरले तरी कधी फरक दिसतो. जेट मापायच्या सुयांचा संच असेल तर उत्तम.

उंचीचाही हिशेब ठेवा. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटरवर आहे. तिथे हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण १२ टक्क्यांनी विरळ, आणि कार्बोरेटरचं मिश्रण त्यामुळे सहाएक टक्क्यांनी घट्ट होतं. म्हणून मूळ जेटवरची गाडी महाबळेश्वरात सुरेख चालते आणि परत मुंबईत उतरली की अडखळते. ते ऐकून मालक म्हणतो, गाडीला थंड हवा मानवते. मिश्रणाचा हिशेब तिथे योगायोगाने जुळलेला असतो.

पावसाळ्यातलं अडखळणं

लोणावळ्याच्या पावसात, धुक्यात, इंजिन गरम असूनही गाडी मरगळते, आणि कोरड्या दिवशी कुठलाही दोष दिसत नाही, अशी तक्रार असेल तर स्क्रूला हात न लावता मॅनिफोल्डच्या मधल्या भागाला हात लावा. कार्बोरेटरच्या खाली, इनटेकला चिकटून, एक बारीक नळ जातो. त्यातून एक्झॉस्टचा गरम वायू फिरतो आणि इनटेक गरम ठेवतो. ड्युअल पोर्टचा मॅनिफोल्ड लांब आहे. तो थंड राहिला तर पेट्रोल भिंतीवर चिकटतं, वायुरूपात सिलिंडरपर्यंत पोचत नाही. दमट थंडीत तर कार्बोरेटरच्या बाहेर दव जमतं आणि आत बर्फही धरू शकतो.

इंजिन दहा मिनिटं चालल्यावर हा नळ दोन्ही टोकांना इतका तापायला हवा की बोट ठेवता येणार नाही. एक टोक गरम आणि दुसरं कोमट म्हणजे आत काजळी भरलीय. ती काढायला मॅनिफोल्ड खाली उतरवून जुनी स्टीलची केबल आत घालून फिरवावी लागते. कष्टाचं काम आहे, पण करण्यासारखं. आवाजासाठी शौकाने बसवलेल्या बऱ्याच सायलेन्सरांना हा नळ जोडायची जागाच नसते. तशा गाडीचं पावसाळी अडखळणं ट्यूनिंगने जाणार नाही.

पेट्रोलचा दाब आणि नळ्या

मूळ यांत्रिक पंप, ज्याला आपल्याकडे एसी पंप म्हणतात, साधारण तीन ते साडेतीन पीएसआय दाब देतो. नव्या पंपांचा दाब कधी पाचच्या वर जातो. मग फ्लोटची (भांड्यातल्या तरंगत्या तुकड्याची) सुई पेट्रोल अडवू शकत नाही, पातळी चढते, आयडल जड होतं आणि गरम गाडी परत सुरू होताना रडते. पंपाखाली जास्त पॅकिंग घालून दाब उतरवता येतो. फ्लोटच्या भांड्यातली पातळी वरच्या कडेपासून सुमारे १८ मिलिमीटर खाली असावी. ती सुईखालच्या वायसरची जाडी बदलून जमवायची.

जुन्या कापडी आवरणाच्या नळ्या इथेनॉलने आतून सुटतात आणि त्यांचे काळे कण जाऊन बसतात ते नेमके त्या ०.५५ च्या भोकात. दर दोन महिन्यांनी आयडल जेट बुजत असेल तर तो साफ करत बसू नका, नळ्या बदला. इथेनॉल सोसणारी, जे३०आर९ शिक्क्याची नळी घ्या. फिल्टर इंजिनाच्या कप्प्यात लोंबता ठेवू नका. टाकी पुढे आहे, फिल्टर तिच्याखाली बसवा.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीकडून पंपाकडे येणारी पेट्रोलची नळी काढून, तिचं तोंड बंद करून, भांडं रिकामं होईपर्यंत इंजिन चालू द्या. आपल्या पावसाळ्यात ई२० पाणी ओढून घेतं आणि भांड्याच्या तळाला पांढरट चिकटा धरतो.

प्रत की जुनं सोलेक्स

मधल्या मॅनिफोल्डवर वेबर ३२/३६ बसवायचा सल्ला अनेकदा मिळतो. कार्बोरेटर म्हणून ते उत्तम आहे. पण त्याच्या मॅनिफोल्डला गरम करायची सोय नसेल तर वर सांगितलेलं पावसाळी दुखणं आणखी वाढतं. दोन्ही बाजूंना वेगवेगळी कार्बोरेटर लावली तर हा प्रश्न मिटतो, मात्र दोन्हींची हवा मीटर लावून सारखी करत राहावं लागतं आणि ते करणारा माणूस जवळपास हवा.

तुमच्याकडे गाडीबरोबर आलेलं मूळ सोलेक्स डब्यात पडलं असेल तर ते टाकू नका. त्याचं अंग, भोकांची घडाई, शाफ्ट सोडून बाकी सगळं अजूनही नव्या प्रतींपेक्षा सरस असतं. चांगल्या लेथवाल्याकडे नेऊन शाफ्टच्या दोन्ही बाजूंना पितळी बुश बसवून घ्या. भोक रुंद करताना ते मूळ मध्यावरच राहिलं पाहिजे, एवढी अट त्याला स्पष्ट सांगा, नाहीतर बटरफ्लाय भिंतीला घासते. बुश बसल्यावर बटरफ्लाय बंद करून उजेडासमोर धरा. कडेने सगळीकडे सारखी, केसाएवढी रेघ दिसली की काम बरोबर झालं. मग त्यात ई२० सोसणारा डायफ्रॅम आणि नवी सुई घाला, जेट वरच्या हिशेबाने ठेवा आणि नवी प्रत सुट्या भागांसाठी बाजूला काढा.